मिशीसह हजर राहावे

दोघा भावांचं सलून एकच होतं, आरसा एकच, पाण्याचा नळही एकच. पण अकरा वर्षं ते एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. त्यामुळे धंद्याचं काही अडलं असं मात्र नाही. मध्ये गिऱ्हाईक होतं.

उजव्या खुर्चीमागे थोरला उभा राहायचा, डाव्या खुर्चीमागे धाकटा, आणि मध्ये अंतर तीन पावलांचं. थोरल्याला तुरटी हवी असली की तो आपल्या खुर्चीतल्या माणसाला म्हणे, "त्याला सांगा, तुरटी इकडे दे." तोंडभर फेस घेऊन बसलेला तो माणूस डोळे न उघडता म्हणे, "तुरटी मागतायत." मग धाकटा आपल्या खुर्चीतल्या माणसाला म्हणे, "त्यांना सांगा, स्वतःच्या खणात बघा आधी." नव्या गिऱ्हाइकाला वाटे, यातला एक जण बहिरा असावा. जुनी माणसं सरावली होती. सगळ्यांत तयार झाले होते ते निवृत्त पोस्टमनकाका. एक दिवसाआड दाढीला यायचे आणि इकडचा निरोप तिकडे देताना त्यातल्या शिव्या गाळून द्यायचे. जन्मभर दुसऱ्यांची बंद पाकिटं पोचवल्यावर आता कुठे त्यांना मजकुरात हात घालायला मिळत होता, आणि ते काम ते मन लावून करायचे.

भांडण झालं होतं मिशीवरून. मिशी थोरल्याची. अशी भरघोस, टोकं किंचित वर वळलेली मिशी त्या रस्त्यावर दुसरी नव्हती, आणि हे थोरला स्वतःच चार लोकांना सांगायचा. आबांचा, म्हणजे दोघांच्या वडलांचा, एक दंडक होता. कात्री धरणाऱ्याने स्वतःच्या मिशीला स्वतः हात लावायचा नाही. एक बाजू दुसरीसारखी करता करता दोन्ही जातात. म्हणून आबा गेल्यावर थोरल्याची मिशी धाकटा कोरायचा. वर्षानुवर्षं कोरत होता, नीट कोरत होता. मग थोरल्याच्या डोक्यात दुकान झकपक करायचं भरलं. त्याने आबांच्या वेळचा जाड हिरवा पडदा काढून टाकला, काचेचं दार बसवलं, भिंतींना नवा रंग दिला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो ऐटीत उजव्या खुर्चीत बसला, धाकट्याने वस्तरा उचलला, धाकटा शिंकला, आणि मिशीचा डावा अर्धा भाग थोरल्याच्या मांडीवर येऊन पडला.

"शिंक आली," धाकटा म्हणाला.

"शिंक नेम धरून येते होय रे?" थोरला म्हणाला. "नव्या दुकानावर जळतोस. खोटारडा आहेस."

खोटारडा हा शब्द धाकट्याला लागला. त्याने वस्तरा पुसून ठेवला आणि त्या क्षणापासून भावाच्या बाबतीत मूग गिळले. थोरल्याने रागाच्या भरात उरलेली मिशी स्वतःच सारखी करायला घेतली, आणि आबा म्हणाले होते तसंच झालं. तेव्हापासून तो गुळगुळीत होता. वर धाकट्याने छळायची एक रीत काढली असं त्याचं ठाम मत होतं. दुकानातून बाहेर पाऊल टाकलं की धाकटा दोनदा शिंकायचा. रोज. दिवसातून चार-चार वेळा. "बघ, मिशीची आठवण करून देतोय," थोरला बायकोला सांगायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग साथ आली. दुकानं बंद झाली आणि गिऱ्हाइकाबरोबर भावांचं बोलणंही बंद झालं. दोघं एकाच इमारतीत, थोरला खाली आणि धाकटा वरच्या मजल्यावर. पण जिन्यात भेटले तर निरोप कुणाकडे द्यायचा? त्यांच्या बायकांचं मात्र छान चाललं होतं. त्या गच्चीत चार हात अंतर ठेवून तासन्‌तास बोलायच्या आणि नवऱ्यांची बित्तंबातमी एकमेकींना पुरवायच्या.

दीड महिन्याने चपलांची दुकानं उघडली, मग कापडाची, मग भांड्यांची. सलूनवाल्यांचा नंबर यादीत सगळ्यांत खाली होता. तीन महिने उलटले तरी नाहीच. थोरल्याच्या तोंडावर बोटभर दाढी आली. जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेल्या माणसाला घरच्या मोरीत आपली दाढी करणं कमीपणाचं वाटत होतं. शिवाय सामान दुकानात, आणि दुकानाला कुलूप. भाडं थकलं होतं. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. शेजारचा मोबाइलवाला दोनदा टेप घेऊन दुकानाची रुंदी मोजून गेला होता, आणि विचारलं तर म्हणाला, सहज. महिनाअखेरपर्यंत पैसे उभे राहिले नाहीत तर किल्ली जागामालकाच्या हातात द्यायची, एवढंच उरलं होतं. थोरल्याचं वय एकोणसाठ. या दुकानाबाहेर आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो चिडका व्हायचा, त्यामुळे घरात त्याच्यापासूनही सगळे चार हात अंतर ठेवून होते.

अशात सरकारने मदत जाहीर केली. साथीत धंदा बसलेल्या लहान दुकानदारांना आणि कारागिरांना एकरकमी. थकलेलं भाडं आणि परवाना, दोन्ही भागलं असतं. थोरल्याच्या बायकोने मोबाइलवर अर्ज भरला आणि धाकट्या जावेकडून धाकट्याची सही आणवली. उरली फक्त तपासणी. मंगळवारी दोन्ही भागीदारांनी दुकानात उभं राहायचं आणि कार्यालयातून फोनवरच चित्र पाहून खात्री करून घेणार. एका वेळी दुकानात दोनच माणसं असा नियम होता, म्हणून बायको दाराबाहेर उभी राहून फोन आत धरून होती.

तपासणीच्या मॅडम पडद्यावर दिसल्या. त्यांनी बराच वेळ दोघांकडे पाहिलं.

"अर्जदार कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"हेच दोघं," बायको म्हणाली.

"परवान्यावरच्या फोटोत एक मिशीवाले आहेत आणि एक साफ दाढी केलेले. मला इथे नुसत्या दोन दाढ्या दिसतायत. यातले कोण कोण, मी कसं ओळखू?"

"सलून बंद आहेत ना मॅडम," थोरला म्हणाला. "दाढी करणार कोण?"

"तुमचा धंदा काय आहे?"

थोरला दाढी खाजवू लागला.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे अशी चारशे दुकानं होती आणि चेहरा जुळला पाहिजे हा नियम त्यांनी केलेला नव्हता. म्हणाल्या, शुक्रवारी अकराला पुन्हा फोन करते, त्यानंतर यादी बंद. संध्याकाळी कार्यालयाचा संदेशही आला. दोन्ही भागीदारांनी परवान्यावरील छायाचित्राप्रमाणे हजर राहावे.

"म्हणजे मिशीसह," बायको म्हणाली.

"फोटो बावीस वर्षांपूर्वीचा आहे."

"दाढी आहे ना एवढी? त्यातनं मिशी काढायची. कापड आहे, शिवायचंच बाकी आहे. सांगा भाऊजींना."

"त्याला? परत? माझी मिशी?"

"मग मोबाइलवाल्याला सांगते, दार आणखी एकदा मोजून जा म्हणून."

तीन रात्री थोरल्याचा डोळा लागला नाही. गावातली सगळी सलूनं बंद. स्वतः करावी तर आबांचा दंडक आणि अकरा वर्षांपूर्वीचा अनुभव. अख्ख्या जगात त्याची मिशी कोरू शकेल असा एकच माणूस होता, आणि नेमका तो.

शुक्रवारी दहाला दोघं दुकानात शिरले. बायकोने दाराबाहेरूनच पोस्टमनकाकांना फोन लावला, आवाज मोठा केला, तो थोरल्याला आरशाखालच्या फळीवर ठेवायला दिला आणि ती बाहेरच्या बाहेर निघून गेली. काका घरात बसून कंटाळले होते. त्यांच्या आवाजाला तरतरी आली होती.

"बोला," ते फोनमधून म्हणाले. "कोण कोणाला काय सांगतंय?"

"त्याला सांगा, आधी तू बस," थोरला म्हणाला.

"धाकटे, थोरले म्हणतायत, कृपा करून आपण आधी बसावं."

धाकटा आपल्या डाव्या खुर्चीत बसला. थोरल्याने मास्क वर ओढला, कात्रीने दाढी उतरवली, साबण लावला आणि वस्तरा घेतला. हाताला काम लागलं आणि साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. गळ्यावरून पातं फिरत असताना धाकट्याने डोळे मिटले नव्हते. तो आरशातून सावधपणे बघत होता. फेसाखालून एकेक पट्टा चेहरा बाहेर येत गेला, आणि थोरला मध्येच थांबला. हनुवटी आबांची होती. तीच खळी, तिच्या डाव्या बाजूला तोच तीळ. रोज तीन पावलांवर असलेला हा चेहरा त्याने अकरा वर्षं नीट पाहिलाच नव्हता. कानाजवळचे सगळे केस पांढरे झाले होते. हा म्हातारा कधी झाला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला एकदम वाईट वाटलं. मग त्याला मिशी आठवली आणि वाईट वाटायचं थांबलं.

"झालं म्हणावं," तो म्हणाला.

"धाकटे, आपली दाढी उत्तम झालेली आहे," काका म्हणाले.

आता थोरला उजव्या खुर्चीत बसला. ती त्याची खुर्ची, मालकाची. डावीत तो मेला तरी बसला नसता. धाकट्याने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, स्वतः मास्क चढवला, परवान्याची प्रत आरशाच्या कडेला खोचली आणि त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग गालांवरची दाढी उतरवायला घेतली. हात हलका होता. थोरल्याला तो हात आठवत होता, हे त्याने कबूल केलं नसतं.

"त्यांना सांगा, मान वर."

"थोरले, मान वर."

"त्याला सांगा, उजव्या टोकाला घाई नको करू."

"धाकटे, उजवं टोक आपण फार सुंदर करताय, सावकाश चालू द्या."

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी उजवी बाजू झाली. थोरल्याने आरशात पाहिलं. टोक किंचित वर वळलेलं. बावीस वर्षांपूर्वीचा अर्धा माणूस त्याच्यासमोर बसला होता.

"बरं, मी आता ठेवतो," काका म्हणाले. "तुमच्या मॅडमचा फोन यायचाय, लाइन मोकळी पाहिजे. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"काका, थांबा," दोघं एकदम म्हणाले. पण टपाल खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस सरकारी फोनच्या आड येणार नव्हता. त्यांनी ठेवून दिला.

धाकट्याने एकदा फोनकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मान डावीकडे करायला सांगा." भिंत काही बोलली नाही. पण थोरल्याने भिंतीचं बोलणं पूर्ण होण्यापुरता वेळ जाऊ दिला आणि मान डावीकडे केली.

धाकटा वाकला, पातं ओठाजवळ आलं. नेमकं त्याच वेळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन खाली उतरलं, काचेच्या दारातून आत आलं आणि आरशाच्या उजव्या भागावर पडलं. या दिवसांत साडेदहाला ते तिथे रोज यायचं. थोरला रोज डोळे बारीक करून काम करायचा, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, उजेड आहे, लख्ख दाढी होईल. आज खुर्चीत तो होता आणि आरशातलं ऊन धाकट्याच्या डोळ्यांत जात होतं. मास्कच्या वर धाकट्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळे किलकिले झाले, मान मागे जायला लागली. थोरल्याने श्वास रोखला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. झालं, तो मनात म्हणाला, गेली मिशी, गेलं दुकान.

धाकट्याने हात झटक्यात वर नेला, पाठ फिरवली आणि कोपरात तोंड खुपसून दोनदा शिंकला.

त्या दिवसांत शिंक ऐकली की लोक रस्ता बदलायचे. थोरला जागचा हलला नाही. धाकटा परत वाकला, डोळे किलकिले झाले, हात वर, पाठ, कोपर, दोन शिंका. तिसऱ्यांदाही तेच. दहा पंचेचाळीस झाले. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मुद्दाम करत नाहीये म्हणावं," तो भिंतीला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

थोरला आरशात बघत होता. दोनदा. नेहमी दोनदाच. आणि त्याला आबा दिसले. दुपारी जेवायला जाताना दुकानाच्या पायरीवर, उन्हात पाऊल टाकलं की दोनदा शिंकणारे आबा. समोरचा शिंपी म्हणायचा, दोन शिंका झाल्या, एक वाजला. सकाळी दहा वाजून गेले की हातातला वस्तरा मिटून ओरडायचे आबा, "ऊन आलं, पडदा ओढा." लहानपणी थोरल्याला वाटायचं, पडदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी आहे. जाड, हिरवा पडदा. जुनाट दिसतो म्हणून तो आपणच काढून टाकला. काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या खुर्चीत येऊन बसलो. त्यानंतर धाकटा या खुर्चीमागे कधी उभा राहिला नाही, आणि डाव्या खुर्चीवर ऊन येत नाही. बाहेर पाऊल टाकलं की तो दोनदा शिंकत होता ते चिडवायला नव्हतं. ऊन होतं, म्हणून शिंकत होता. अकरा वर्षं.

थोरला उठला. अर्धी मिशी, अर्ध्या तोंडाला फेस. त्याने गळ्यातलं पांढरं कापड सोडलं, दारापाशी गेला. चौकटीत पडद्याचे दोन जुने खिळे अजून होते, रंग देताना त्यांच्यावरूनच रंग फिरवला होता. त्याने कापडाची दोन टोकं त्या खिळ्यांना अडकवली. दुकानात सावली झाली. तो परत येऊन बसला.

"आबांसारखं आहे तुझं," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला. "ऊन लागतं डोळ्याला. पडदा मी काढला होता. तू खोटं बोलला नव्हतास. मी आपला तेव्हापासून..."

"दादा," धाकटा म्हणाला, "बोलू नकोस. मिशी हलते."

धाकट्याने बाहीने डोळे पुसले, उन्हाने आलेलं पाणी आणि बाकीचंही, मग वाकून डावं टोक हळूच वर वळवलं.

अकराला फोन वाजला. मॅडमनी परवाना पाहिला, दोघांना पाहिलं, परत परवाना पाहिला.

"छान," त्या म्हणाल्या. "जुळतंय. एकच प्रश्न. भागीदारी चालू आहे ना? दोघांमध्ये काही वाद वगैरे?"

"होता," थोरला म्हणाला. "पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत."

"तो लिहायची जागा अर्जात नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी मदत जमा झाली, भाडं गेलं, परवाना झाला. आणखी दहा दिवसांनी यादीच्या तळातून सलूनवाल्यांचा नंबर वर आला. पहिल्या दिवशी, पहिल्या नंबरला, पोस्टमनकाका मास्क लावून, दाढी वाढवून हजर. ते उजव्या खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि निरोपांची वाट पाहू लागले.

"तुरटी दे रे," थोरला म्हणाला.

"घे दादा. तुझी संपली का?"

"ओली झालीय."

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. दोघं भाऊ त्यांच्या डोक्यावरून नवा वस्तरा कुठून आणायचा ते बोलत होते, मग वहिनीच्या गुडघ्याचं, मग मोबाइलवाल्याच्या टेपचं. अकरा वर्षांचं साठलं होतं, ते थांबायचं नाव घेईना. काका खुर्चीत लहान लहान होत गेले.

"ती सरकारी मदत," शेवटी ते म्हणाले, "तिचा अर्ज अजून भरता येतो का? साथीत माझंही काम गेलं म्हणायचं."

दोघं हसले. काका हसले नाहीत. थोरल्याने आरशात त्यांचा चेहरा पाहिला. तो चेहरा त्याला ओळखीचा वाटला. साडेतीन महिने तो त्याने घरच्या मोरीतल्या आरशात पाहिला होता.

साडेदहा झाले. समोरच्या गच्चीवरून ऊन सरकायला लागलं. दाराला आता नवा हिरवा पडदा होता, आणि धाकटा आपणहून जाऊन त्याची कड धरून उभा राहिलाच होता. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. धाकटा थांबला.

"काका," थोरला म्हणाला, "त्याला सांगा, ऊन आलं, पडदा ओढ."

काका ताठ झाले. त्यांनी फेस न सांडता मान वळवली.

"धाकटे," ते म्हणाले, "ऊन आलेलं आहे. कृपा करून पडदा ओढावा."

मग धाकट्याने पडदा ओढला.